गण्याघसर

सोमादादा,

तुला माती देऊन आज नववा दिवस. काल संध्याकाळी शाळेचे गुरुजी एक वही घेऊन माझ्या ओसरीवर आले. आपल्या शिवारातल्या टेकड्या, नाले, पाणवठे, वाटा यांची नावं कशी पडली हे त्यांना लिहून ठेवायचं आहे. वही निम्म्याहून जास्त भरली होती. मी पानं उलटत गेलो आणि विचारलं, "हे सगळं सांगितलं कोणी?"

"सोमाजीनं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस माझ्यासोबत हिंडला म्हातारा. एकेका दगडाजवळ थांबायचा."

मग त्यांनी एक पान काढून माझ्यापुढं धरलं. वर एकच शब्द होता, गणेशघाट. खाली पान कोरं.

"इथं मात्र अडला. म्हणाला, हे गणपतले इचारा. त्याच्याबिगर कोनी सांगू शकत नाई."

दादा, बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणारा आणि देणारा दुपट्ट्याखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा कळवतात आणि शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. पहिलं बोट दाबणारा हरतो, हे मला तूच शिकवलंस. त्याच शिकवणीवर मी बावीस वर्षं धंदा केला. सालदाराचा पोरगा होतो, आज गावात माझं माडीचं घर आहे. आणि तू जाताजाता माझ्यापुढं कोरं पान टाकून गेलास. आता समोर हातच नाही. बोट दाबायचं तर मलाच.

तुझ्याविषयी लिहायला बसलो की राग आधी येतो, रडू नंतर. तसा मी आहेच, तुला नवीन नाही. "गण्याच्या नाकावर माशी नाई, गोमाशी बसते," असं तूच तुमच्या टोलीभर, म्हणजे वस्तीभर, सांगत फिरायचास.

मी तुझ्यामागं पहिल्यांदा चाललो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. तू हेड्यांची, म्हणजे बैलांच्या व्यापाऱ्यांची, जनावरं डोंगराच्या गावांमधून खाली आर्वीच्या बाजाराला पोचवायचास. मला वाट ठाऊक नव्हती. मी विचारायला लागलो, इथून डावीकडं की उजवीकडं, तर तू चिडलास.

"रस्ता नको इचारू बे. नावं पाठ कर. रस्ता नावातच हाय."

खरंच होता. आंधळी विहीर म्हटलं की तिकडं जनावर न्यायचं नाही, तिच्यात पाणी नाही. गोमाशीचं खोरं म्हटलं की तिथं दुपारी थांबायचं नाही. बुढीचा झिरा म्हटलं की चैतातसुद्धा वाळूत हात घातला तर पाणी लागणार. आणि ती वशिंडासारखी टेकडी, जिला गावातले लोक कोंडमाथा म्हणतात आणि कोण्या राजानं कोणाला तरी तिथं कोंडलं होतं असं सांगतात. तू हसला होतास. "राजा कायचा घेऊन बसले! आमच्या बोलीत कोंदा म्हंजे बैल, मट्टा म्हंजे टेकडी. बैलावानी दिसते म्हून बैलाची टेकडी. तुमाले नाव पाठ झालं, पन त्याचा बैल सुटून गेला."

एकदा आपण जामपर्यंत बैल घेऊन गेलो होतो, आठवतं? आपल्याकडं पेरूला जाम म्हणतात, म्हणून मी दोन दिवस वाटेत बडबडत होतो, की जामला पोचलो की पोटभर जाम खाईन. पोचलो तर सडकेच्या कडेला नुसत्या गाड्या आणि भट्टीवरचे फुटाणे. मी तोंड पाडलं. तू म्हणालास, "जाम असता तं लोकाईनं कवाच खाऊन टाकला असता. नाव खाता येत नाई, म्हून ते राह्यलं." आणि पिपरीचं तर विचारायलाच नको. बाजारात कोणी सांगितलं, मी पिपरीचा, की तू लगेच म्हणायचास, "कोनत्या? जेवढे पिंपळ तेवढ्या पिपऱ्या. मांगचं नाव सांग, नाई तं तुही बायकोही तुले सापडनार नाई."

दोन नाल्यांच्या मधला तो सपाट पट्टा उरायचा. अर्धा कोस काळी जमीन, आणि नाव नाही. मी विचारलं, याला काय म्हणतात? "काई नाई." असं कसं? "इथी कोनाचं काई झालंच नाई. ना कोनी मेलं, ना कोनाले पानी भेटलं. नाव कायले लागन?" मला ते तेव्हा पटलं नव्हतं. मी म्हणालो, चांगल्या जागेलाही नाव असायला पाहिजे. तू म्हणालास, चांगल्या जागेतून मानूस झोपेत चालत जाते, त्याले नाव नाई लागत. आपला हा वाद कधी मिटला नाही. मी त्या पट्ट्याला माझंच नाव देऊन टाकतो म्हणालो, तर तू इतका हसलास की तुला ठसका लागला.

तो वाद मिटवायला तू आता नाहीस. पण एका जागेला माझं नाव पडलंच.

तो दिवस मी लोकांना शंभर वेळा सांगितला असेल, दर वेळी थोडा खोटा. आज खरा सांगतो. ती माझी स्वतःची पहिली जोडी होती. दोन वर्षं दुसऱ्यांची जनावरं हाकून मी ती उभी केली होती. त्यातला चांद्या डाव्या अंगाचा, कपाळावर चंद्रकोर, गौळाऊ जातीचा, दुधासारखा पांढरा. डोंगरावरून उतरणाऱ्या वाटेवर तो कातळाचा उतार आहे. दिसायला सोपा. पण गुळगुळीत दगडावर बारीक मुरूम पसरलेला असतो, आणि खूर पडला की मुरूम दाण्यासारखा गरगरतो. तुझा नियम होता, वर आलं की मानेला मान बांधलेली जोडी सोडायची, एकेक बैल धरायचा आणि पळसाच्या बाजूनं तिरपा उतरवायचा. त्या दिवशी दुसऱ्या एका हेड्याचा कळप आपल्या पुढं गेला होता. तो आधी आर्वीला पोचला तर चांगली गिऱ्हाइकं तोच उचलणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तू मागून ओरडलास, "गण्या, जोडी सोड! एकेकाले उतरव!"

मी सगळ्यांना सांगत आलो, की वारा होता, मला ऐकू आलं नाही. वारा नव्हता, दादा. मी ऐकलं होतं.

चांद्या घसरला, त्यानं दुसऱ्याला ओढलं. दुसरा उठला. चांद्याचा पुढचा पाय मोडला होता. मी तिथंच बसून बोंब मारली, लहान पोरासारखी. तू खाली आलास. चांद्याचं डोकं मांडीवर घेतलंस, पळसाच्या पानाचा द्रोण करून त्याला पाणी पाजत बसलास, जीव जाईपर्यंत. पुढच्या हेड्याचा कळप कधीच बाजारात पोचला होता.

दुसऱ्या दिवशी आर्वीत कोणीतरी तुला विचारलं, बैल कुठं पडला? तू सहज सांगितलंस, "तिकडं, गण्या घसरला तिथी." बस. एवढ्याच बोलण्यातून ते नाव झालं. पुढच्या बाजारी एक जण म्हणाला, गण्या घसरला तिथून पुढं गेलो. दिवाळीपर्यंत गण्याघसर. दोन वर्षांत डोंगरावरच्या प्रत्येक टोलीत गण्याघसर. उताराच्या तोंडाशी आलं की मागचा पुढच्याला हाक द्यायचा, "गण्याघसर आली, जोडी सोडा!" आणि ज्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं ते माझं नाव घेऊन बैल सोडायचे.

तुला त्यात वाईट काही वाटलं नसेल. मला किती लागलं ते तू कधी विचारलं नाहीस, आणि ही माझी तक्रार आजही आहे. मी धंद्यात वर आलो. गणपत झालो, गणपतराव झालो. दहा कोसांवरून माणसं माझ्या गोठ्यात जोडी बघायला यायची. आणि नेमका सौदा ठरायच्या टोकावर आला की समोरचा डोळे बारीक करून म्हणायचा, "गण्याघसरचे गण्या तुमीच काय?" की सगळे हसायचे. हसलेल्या माणसासमोर भाव ताणता येत नाही. माझे किती सौदे त्या एका नावानं खाली आणले, ते मलाच ठाऊक.

मग मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली आणि सरकारी मोजणीची माणसं गावोगावी फिरू लागली. वाटा, विहिरी, नाले नव्यानं कागदावर यायला लागले. डोंगराची वाट गाडीरस्ता होणार असं कळलं. एकदा सरकारी कागदावर गण्याघसर चढलं की माझा नातूही गण्याघसरच्या गण्याचा नातू. तेव्हा मी जे केलं ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी नाल्यातून एक गोटा उचलला, सोंडेसारखा बाक असलेला. उताराच्या वरच्या टोकाला पळसाखाली मांडला. त्याला शेंदूर फासला, नारळ फोडला, आणि सांगत सुटलो, की फार जुना गणपती आहे, माझ्या आज्याच्या स्वप्नात आला होता. माझा आजा आयुष्यात आमच्या गावाबाहेर झोपला नव्हता. पण देवाच्या गोष्टीला कोणी पुरावा मागत नाही. महिन्याभरात बायका चतुर्थीला तिथं यायला लागल्या. नाव तयार होतं. गणेशघाट. बघ, माझंच नाव, फक्त धुऊन घेतलेलं.

अडचण एकच होती. मोजणीचा साहेब जुन्या वाटेची नावं विचारायला तुलाच सोबत घेणार होता.

म्हणून मी तुझ्या घरी आलो. आपण अंगणात मोहाच्या झाडाखाली बसलो. मी काही न बोलता दुपट्टा पसरला आणि हात आत घातला. तूही सवयीनं घातलास. मी एक बोट दाबलं. एक गोऱ्हा, माझ्या गोठ्यातला, तू निवडशील तो. तुझा हात तसाच. मी दोन बोटं दाबली. तुझा हात तसाच. मी चिडलो आणि तोंडानं बोललो, म्हणजे तिथंच हरलो.

"एका नावाले किती मांगतं, दादा?"

तू हात काढून घेतलास. "नाव माह्यं असतं तं फुकट देलं असतं बे तुले."

"मंग कोनाचं हाय?"

"चांद्याचं. घसरला तू, मेला तो. नाव तुह्यं लागलं, पन हाय त्याचं."

मी उठून आलो. तुझ्या सुनेनं पुढं केलेलं पाणीसुद्धा घेतलं नाही.

दोन दिवसांनी साहेब उताराच्या तोंडाशी उभा राहिला. कागद उघडला. "ह्या जागेला काय म्हणतात?" मी म्हणालो, "गणेशघाट, साहेब. हा बघा देव." साहेबानं तुझ्याकडं पाहिलं. सगळे तुझ्याकडं पाहत होते. तू एक शब्द बोलला असतास, तर मी गावासमोर खोटा पडलो असतो. तू शेंदराच्या गोट्याकडं पाहिलंस, माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालास, "लिवनाराले लिवू द्या, साहेब. चालनारा चालते."

कागदावर गणेशघाट चढलं. मी जिंकलो होतो. आणि तरी मला राग तुझाच आला. तुला हो म्हणता आलं नसतं का? एका शब्दानं तुझं काय जाणार होतं? तू मला वाचवलंस, पण माझ्या बाजूला उभा राहिला नाहीस. मी तेव्हा हेच म्हणत होतो. अजूनही थोडं म्हणतो.

पुढच्याच बाजाराला मी दोन मोठी गिऱ्हाइकं घेऊन उतरत होतो. उतार आला आणि मागून तुझा आवाज आला, नेहमीसारखा, पोटातून. "गण्याघसर आली, जोडी सोडा!" गिऱ्हाइकं वळून माझ्याकडं पाहायला लागली. मी दातओठ खात बैल उतरवले. आर्वीच्या बाजारात पोचल्यावर मात्र, चारचौघांत, तुझा खांदा धरला.

"तुले माही बरकत पाहवत नाई! कागदावर काय लिवलं ते माहीत हाय ना?"

"मले कुठी वाचता येते?"

"म्हूनच! रानात राहनाऱ्या मानसाले इज्जत काय समजनार!"

तू माझा हात खांद्यावरून काढलास, सावकाश, वासराच्या गळ्यातलं दावं सोडावं तसा. म्हणालास, "बरं." इतकंच. त्यानंतर माझ्या जनावरांच्या मागं तू कधी आला नाहीस. मी बोलावलंही नाही. जे बोललो ते मला परत घ्यायचं होतं. पण आपल्या धंद्यात बोललेला आकडा परत घेता येत नाही, आणि मी सगळं आयुष्यच धंद्यासारखं चालवलं.

तीन वर्षं. त्यात राजधानी नागपूरहून मुंबईला गेली, माझी मुलगी सासरी गेली, तुझी बायको गेली. मी तिच्या दिवसालाही आलो नाही.

मागच्या पौषात नदीपलीकडचा, वऱ्हाडातला एक तरुण शेतकरी माझ्या घरी जोडी घ्यायला आला. लग्नानंतरची त्याची पहिलीच जोडी. पांढरी शुभ्र. सौदा झाला, आम्ही सोबत जेवलो. निघताना त्यानं विचारलं, "काका, उताराचा रस्ता कसा हाय?"

मी छाती फुगवून सांगितलं, "गणेशघाट हाय. देवाचा घाट. डोये मिटून जाय."

त्यानं डोळे मिटले नाहीत, पण देवावर विश्वास ठेवला. त्यानं गोट्यासमोर नारळ फोडला, हात जोडले आणि जोडी तशीच, मानेला मान बांधलेली, सरळ उतरवली.

मला निरोप आला तसा मी धावत गेलो. तू माझ्याआधी पोचला होतास, तुझी टोली खालीच. बैलाचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. तो तरुण बाजूला बसून रडत होता, अगदी माझ्यासारखा, तसाच तोंड उघडं टाकून. वर पळसाखाली शेंदूर चकाकत होता आणि फोडलेल्या नारळाला मुंग्या लागल्या होत्या. सगळं तेच होतं, दादा. पळसाच्या पानाचा द्रोणही तोच.

तीन वर्षांनंतर तू माझ्याशी बोललास. "पानी आन."

मी खालच्या झिऱ्यावरून दोनदा पाणी आणलं. तिसऱ्यांदा आलो तेव्हा बैल गेला होता. तेव्हा मी तुझ्यासमोर बसायला पाहिजे होतं. पागोटं काढून ठेवायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी त्या तरुणावरच ओरडलो, "जोडी सोडून उतरवा लागते, एवढंही समजत नाई तुले?"

तू बैलाच्या डोळ्यांवरून हात फिरवत होतास. वर पाहिलंही नाहीस.

"त्याले कोनी सांगतलं?"

तू माझ्याशी बोललेलं हे शेवटचं. आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडलो असतो आणि बरं वाटून घेतलं असतं.

त्या तरुणाला मी दुसरा बैल दिला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. तुझ्याकडं मात्र गेलो नाही. दर बाजाराच्या दिवशी ठरवायचो, आज जातो. मग वाटायचं, तो आपल्याहून मोठा, तोच एखादा निरोप पाठवेल. पहिलं बोट त्यानं दाबावं. तुझ्या टोलीतल्या माणसांना मी आडून विचारायचो, सोमादादा कसा आहे? ते सांगायचे, शाळेच्या गुरुजीसंग हिंडून राह्यला. मला हेवा वाटायचा. ज्या वाटेची नावं तू मला पहिल्यांदा सांगितलीस ती आता दुसऱ्याला सांगतो आहेस, असं वाटायचं. तू त्या वहीत माझ्यासाठी एक पान कोरं ठेवत असशील, हे कुठं ठाऊक होतं? की हाच तुझा निरोप होता, आणि तो पोचायला तुझ्या मरणाची वाट पाहावी लागली?

तुला ताप आला हे मला कळलं, आणि तू गेलास हेही, एकाच दिवशी, दोन घटकांच्या अंतरानं.

मी आलो तेव्हा तुला अंगणात त्याच मोहाखाली ठेवलं होतं. अंगावर नवं पांढरं कापड. माणसं बाजूला झाली. मी तुझ्या उजव्या अंगाला बसलो आणि कापडाखाली हात घातला. तुझा हात सापडला. थंड, पण घट्टे तेच, कासऱ्याचे. मी एकही बोट दाबलं नाही. माझा पंजा उघडा करून तुझ्या हाताखाली ठेवला. आपल्या बाजारात उघडा पंजा फार क्वचित देतात. तू सांगशील तो भाव, असा त्याचा अर्थ. बावीस वर्षांत मी तो कोणाला दिला नव्हता. तुझी सून पाहत होती. तिला वाटलं असेल, हा माणूस काय चाचपतो आहे. पण मागं एक जुना हेडी उभा होता, त्याला कळलं. त्यानं मान फिरवली.

आणि हो, बुढीच्या झिऱ्याचं. मी म्हणायचो, तिथं एक म्हातारी फुटाणे विकत बसायची, तिच्यावरून नाव पडलं. तू म्हणायचास, बुढी म्हणजे म्हातारी वाघीण, दात पडलेली. जनावरांच्या शेजारी पाणी प्यायची आणि कोणाला हात लावायची नाही. पंधरा वर्षं आपण त्यावर भांडलो. जाऊ दे. वाघीणच होती.

काल गुरुजी वही ठेवून गेल्यावर मी दिवा लावून ती उघडली आणि कोऱ्या पानावरचं गणेशघाट खोडलं. त्याखाली लिहिलं. "गण्याघसर. इथं गणपत नावाच्या हेड्यानं, सोमाजीनं सांगूनही, जोडी न सोडता बैल उतरवले. चांद्या नावाचा बैल मेला. पुढं गणपतनंच नाव झाकायला इथं देव मांडला, त्यामुळं आणखी एक बैल मेला. उतरताना जोडी सोडावी, एकेक बैल पळसाच्या बाजूनं न्यावा."

सकाळी गुरुजींनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला. "देवाचं राहू द्यायचं का, गणपतराव? लोक रागावतील."

"लोकांचं पाहू," मी म्हणालो. "देव रागावणार नाही. त्याला नाल्यातून मीच उचलून आणलाय."

गोटा मी काढलेला नाही. आता तो बायकांचा देव आहे, माझा राहिला नाही. सरकारी कागदावरचं नावही मला आता पुसता येणार नाही, तिथं गणेशघाटच राहील. माझी खोटी गोष्ट माझ्याहून जास्त वर्षं जगेल, दादा. हे ओझं मी तुझ्यावर टाकणार नाही.

आज बाजाराचा दिवस. मी माझी जनावरं घेऊन उतरत होतो. माझ्यापुढं एक अनोळखी माणूस नवी जोडी घेऊन चालला होता, घाईत, गाणं म्हणत. कातळ दिसायला लागला. मी मागं वळून पाहिलं, सवय होती. मागं कोणी नव्हतं. मग मी तोंडाला हात लावून ओरडलो. आवाज पहिल्यांदा फाटला, म्हणून पुन्हा ओरडलो.

"गण्याघसर आली! जोडी सोडा!"

तो थांबला. वळला. "गणेशघाट ना हा? गण्या कोन व्हय?"

"मी," म्हणालो.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग उताराकडं पाहिलं. आणि वाकून जोडी सोडली.